न मागितलेल्या सेवेचे पैसे: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मोबाईलच्या बिलात किंवा प्रीपेड बॅलन्समधून न मागितलेल्या सेवेचे पैसे कापले गेल्याची पत्रे डिचोलीपासून काणकोणपर्यंतच्या वाचकांकडून येत असतात. रक्कम तीस-चाळीस रुपयांची असते, त्यामुळे बहुतेक जण सेवा बंद करून घेतात आणि कापलेले पैसे सोडून देतात. ते सोडू नयेत, असे आम्हाला मनापासून वाटते. या अंकात त्यातले काही प्रश्न घेतले आहेत. कंपन्यांची नावे गाळली आहेत. नियम सगळ्यांना एकच आहेत.

तीन महिन्यांच्या पोस्टपेड बिलांत ‘व्हॅस’ या मथळ्याखाली दरमहा ४९ रुपये लागले. कसली तरी गेमची सेवा आहे, मी ती कधी घेतलेली नाही. कस्टमर केअरला फोन केल्यावर त्यांनी ती लगेच बंद केली आणि तसा एसएमएसही आला. पण पुढच्या बिलात पैसे परत आले नाहीत. पुन्हा फोन केला तर ‘तुमची एकही तक्रार प्रलंबित नाही’ म्हणतात. – एक वाचक, साखळी

त्यांच्या नोंदीपुरते त्यांचे म्हणणे खरे आहे, आणि बहुतेक ग्राहक इथेच अडकतात. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, २०१२ च्या तक्रार निवारण नियमावलीत ‘तक्रार’ आणि ‘सेवा विनंती’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्लॅन बदलणे, कनेक्शन बंद करणे, मूल्यवर्धित सेवा (बिलातली ‘व्हॅस’ ती हीच) चालू किंवा बंद करणे या सगळ्या सेवा विनंत्या. तुम्ही फोनवर ‘ही सेवा बंद करा’ म्हणालात. प्रतिनिधीने तेवढीच विनंती नोंदवली, सेवा बंद केली आणि विनंती निकालात काढली. पैसे परत मागितल्याची नोंद कुठेच झाली नाही. पुढे अपील करायचे तर ते तक्रारीवर होते, विनंतीवर नाही.

म्हणून आता नव्याने फोन करा, आणि तो १९८ वर करा. हा तक्रारीचा मोफत क्रमांक आहे. १२१ हा चौकशीचा क्रमांक. तिथे प्रतिनिधीशी बोलण्याचे काही कंपन्या पैसे लावतात. बोलायचे वाक्य कागदावर लिहून घ्या: ‘माझ्या संमतीशिवाय सेवा चालू करून चुकीची आकारणी केल्याची तक्रार नोंदवायची आहे. डॉकेट क्रमांक द्या.’ डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नोंद क्रमांक, हा शब्द आवर्जून वापरा. तक्रार नोंदवली की तो देणे कंपनीला बंधनकारक आहे आणि तो एसएमएसनेही येतो. एसएमएसमध्ये ‘रिक्वेस्ट’ किंवा ‘एसआर’ असे काही आले तर फोन ठेवण्यापूर्वीच सांगा की ही विनंती नव्हे, तक्रार आहे.

त्याच दिवशी कंपनीच्या तक्रार केंद्राच्या ईमेलवर लेखी तक्रारही पाठवा. फोनवरचे संभाषण कंपनीकडे ध्वनिमुद्रित असले तरी तुमच्या हातात काही राहत नाही. मजकूर असा असावा:

‘माझा मोबाईल क्रमांक अमुक. अमुक, अमुक आणि अमुक तारखेच्या बिलांत (सेवेचे बिलात छापलेले नाव जसेच्या तसे) या सेवेपोटी दरमहा ४९ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे एकूण १७३.४६ रुपये लावले आहेत. ही सेवा मी मागितलेली नाही. ती चालू करताना घेतलेल्या दोन्ही संमतींची तारीख, वेळ, माध्यम, शॉर्टकोड आणि मला पाठवलेल्या संदेशाचा मजकूर कळवावा. तसा पुरावा नसल्यास पूर्ण रक्कम जीएसटीसह परत करावी. डॉकेट क्रमांक अमुक, दिनांक अमुक.’

शॉर्टकोड म्हणजे असे संदेश ज्यावरून येतात तो छोटा क्रमांक. यातले ‘दोन्ही संमती’ हे शब्द कळीचे आहेत. १० जुलै २०१३ च्या ट्रायच्या आदेशानुसार कुठलीही मूल्यवर्धित सेवा चालू करण्यापूर्वी ग्राहकाची दोनदा संमती घ्यावी लागते. दुसरी संमती सेवा विकणाऱ्याच्या हातात राहू नये म्हणून ती वेगळ्या, त्रयस्थ यंत्रणेमार्फत घ्यायची असते. म्हणजे नोंद असायलाच हवी, आणि ती दाखवण्याची जबाबदारी कंपनीची आहे. ‘आमच्या सिस्टीमनुसार ग्राहकाने स्वतः सेवा चालू केली’ एवढे एका ओळीचे उत्तर आले तर त्याच ईमेलला उत्तर देऊन पुन्हा तोच तपशील मागा. ‘मी सेवा घेतली नाही’ हे सिद्ध करण्याच्या भानगडीत तुम्ही पडू नका. न घडलेल्या गोष्टीचा पुरावा तुमच्याकडे असणार तरी कुठून?

जीएसटी विसरू नका. परतावा देताना पुष्कळदा मूळ रक्कमच जमा होते आणि कराचे २६.४६ रुपये तसेच राहतात.

बिलाची तक्रार जास्तीत जास्त सहा आठवड्यांत निकाली काढावी लागते आणि मान्य झालेली रक्कम त्यानंतर आठवड्याभरात खात्यात जमा व्हावी लागते. मधल्या काळात एखादा प्रतिनिधी ‘सद्भावना म्हणून’ पन्नास रुपये सवलत देऊ करतो. घ्यायला हरकत नाही, पण ‘ही रक्कम परताव्यापैकी अंशतः समजून स्वीकारत आहे, तक्रार कायम आहे’ असे लेखी कळवा. नाहीतर सवलत दिली म्हणून तक्रार बंद होते.

चालू बिलाबद्दल एक सावधगिरी. वादातली रक्कम वगळून बाकीचे बिल मुदतीत भरा आणि वादातल्या रकमेवर विलंब आकार लावू नये, निकालापर्यंत सेवा तोडू नये, असे त्याच ईमेलमध्ये लिहा. रागाने पूर्ण बिल थकवले तर वाद राहतो बाजूला आणि तुम्ही थकबाकीदार ठरता. बिल ऑटोपेवर असेल तर पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेकडून सूचना येते. तेवढ्या वेळात त्या एका हप्त्याची कपात थांबवता येते. ती सूचना वाचायची सवय लावा, कारण ऑटोपेमुळे बिल उघडलेच जात नाही आणि अशी सेवा वर्षभर चालू राहू शकते.

आई सत्तरीची आहे, कळीचा साधा फोन वापरते. दोनशेचा टॉपअप केला की आठवड्यात साठ-सत्तर रुपये जातात. तिने काहीच केले नाही म्हणते. इंटरनेट तर त्या फोनवर नाहीच. मग सेवा चालू कशी होते? – एक वाचक, वाळपई

आईंचे म्हणणे खरे धरून चला. कळीच्या फोनवर या सेवा चालू होण्याच्या मुख्य वाटा तीन. पहिली म्हणजे स्क्रीनवर आपोआप उघडणारा संदेश. इनबॉक्समध्ये न जाता तो थेट समोर येतो: वर भविष्य, क्रिकेट किंवा भजनाची एखादी ओळ, खाली एका कोपऱ्यात ‘ओके’ आणि दुसऱ्या कोपऱ्यात ‘कॅन्सल’. स्क्रीन मोकळी करायला माणूस मधली मोठी कळ दाबतो आणि ती नेमकी ‘ओके’ असते. दुसरी वाट ध्वनिमुद्रित कॉलची: ‘ही सेवा हवी असल्यास एक दाबा.’ तिसरी कॉलरट्यूनची. दुसऱ्याला फोन लावल्यावर ऐकू येणारे गाणे स्टार दाबून आपल्या फोनवर घेण्याची सोय असते. ते पहिले काही दिवस फुकट दिले तरी पुढे नूतनीकरण होत राहते.

पहिली वाट आजच बंद करा. फोनच्या मेनूत ‘सिम टूलकिट’ किंवा थेट कंपनीच्या नावाची नोंद असते. ती उघडली की आत बातम्या-मनोरंजनाचे संदेश पाठवणारी सोय दिसते. तिचा ‘स्टॉप’ किंवा ‘डीअॅक्टिव्हेट’ पर्याय निवडा. मग १५५२२३ वर फोन करा. मूल्यवर्धित सेवा बंद करण्यासाठीचा हा मोफत क्रमांक आहे. किंवा इंग्रजी कॅपिटल अक्षरांत ‘स्टॉप’ हा शब्द त्याच क्रमांकावर एसएमएस करा. चालू सेवांची माहिती मिळते, त्यातली प्रत्येक सेवा वेगवेगळी बंद करा आणि बंद झाल्याचे एसएमएस पुसू नका.

सेवा चालू झाल्यापासून २४ तासांच्या आत ती बंद करण्याची मागणी केली तर कापलेले पैसे परत द्यायचे, असे ट्रायचे बंधन आहे. म्हणून पैसे कापल्याचा एसएमएस दिसला की त्याच दिवशी १५५२२३ गाठा. वयस्कर माणसांच्या फोनचा इनबॉक्स पुष्कळदा भरलेला असतो आणि नवे एसएमएस आतच येत नाहीत. दर रविवारी तो रिकामा करून द्यायचे काम घरातल्या कुणीतरी अंगावर घ्यावे. २४ तास उलटले म्हणून हक्क मात्र संपत नाही. मग वर सांगितल्याप्रमाणे संमतीचा पुरावा मागायचा.

प्रीपेडला बिल नसते, ही तुमची खरी अडचण आहे. त्यावर उपाय असा: ग्राहक संरक्षण नियमावली, २०१२ प्रमाणे प्रीपेड ग्राहकाला वापराचा तपशीलवार हिशेब मागता येतो. त्याला ५० रुपयांपेक्षा जास्त आकार घेता येत नाही, आणि मागणी केल्यापासून ३० दिवसांत तो द्यावा लागतो. मागच्या सहा महिन्यांपलीकडचा देण्याचे बंधन नाही, म्हणून उशीर करू नका. कनेक्शन आईंच्या नावावर असेल तर अर्जावर त्यांचीच सही घ्या. मुलाने स्वतःच्या नावाने केलेला अर्ज परत येतो.

हिशेब हातात आला की ‘माध्यम’ किंवा ‘मोड’ असा रकाना पाहा. तिथे कधी एसएमएस, कधी आयव्हीआर (ध्वनिमुद्रित कॉल) आणि कधी ‘वॅप’ लिहिलेले असते. वॅप म्हणजे मोबाईल इंटरनेटवरून घेतलेली सेवा. तुमच्या आईंच्या फोनवर इंटरनेटच नाही. वॅप लिहिलेले निघाले तर तक्रारीत फोनचे मॉडेल लिहा, त्या तारखेला शून्य डेटा वापरल्याचे दाखवणारी हिशेबातलीच ओळ अधोरेखित करा आणि दोन्ही पाने जोडा. एवढा पुरावा पुरेसा बोलका आहे.

पैसे जातात ते मुख्य बॅलन्समधून, हेही ध्यानात घ्या. अनलिमिटेड पॅकच्या मिनिटांना किंवा डेटाला या सेवा हात लावत नाहीत. परदेशातल्या मुलाला फोन करायचा म्हणून आईंनी मुख्य बॅलन्स भरला की तोच कमी होतो. सेवा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत तिथे मोठी रक्कम ठेवू नका. आणि आधी घेतलेले टॉकटाईम कर्ज पुढच्या रिचार्जमधून वळते होते, तेही बॅलन्स गेल्यासारखेच दिसते. हिशेबात ते वेगळे दाखवलेले असते, त्यावर तक्रार करू नका.

मी १९०९ वर डीएनडी नोंदवले आहे. तरी पैसे कापले. डीएनडीचा उपयोग काय? – एक वाचक, कुडचडे

१९०९ची नोंदणी जाहिरातींचे कॉल आणि संदेश थांबवण्यासाठी असते. सेवेच्या आकारणीशी तिचा संबंध नाही. तरीही नोंदणी ठेवा, कारण ‘एक दाबा’ म्हणणारे कॉल कमी झाले की चुकून कळ दाबली जाण्याची शक्यताही कमी होते. मूल्यवर्धित सेवा मुळातूनच रोखण्याची सोय तुमची कंपनी देते का, हे १९८ वर विचारा आणि देत असेल तर ती चालू करून घ्या.

मुलाने अँड्रॉइड फोनवर वॉलपेपर आणि गेमची अॅप्स घेतली होती. त्यानंतर बॅलन्स जाऊ लागला. अॅप काढून टाकले तरी दर आठवड्याला कापतातच. फोन हॅक झाला आहे का? – एक वाचक, फोंडा

अॅप काढल्याने सेवा बंद होत नाही. अॅपने दिली ती फक्त संमती. सेवा चालू आहे ती कंपनीच्या सर्व्हरवर, तुमच्या नंबराच्या नावाने. म्हणून आधी १५५२२३ वरून सेवा बंद करा, मग फोन साफ करा.

अॅप हे कसे साधते ते समजून घ्या, कारण उपाय त्यातच आहे. तुम्ही मोबाईल डेटा वापरत असता तेव्हा समोरच्या पानाला कंपनीच्या जाळ्यातून तुमचा नंबर ओळखता येतो. पासवर्ड नाही, कार्ड नाही, पानावरचे एक बटण दाबले की आकारणी सुरू. घरच्या वायफायवर असताना ही ओळख पटत नाही. म्हणूनच ‘जोकर’ नावाने कुप्रसिद्ध झालेल्या घातक सॉफ्टवेअर कुळातली अॅप्स वायफाय बंद पाडून मोबाईल डेटावर जातात, सेवेचे पान पाठीमागे उघडतात, बटण स्वतःच दाबतात आणि ओटीपीचा एसएमएस किंवा त्याची सूचना वाचून तोही भरतात. या कुळातली १,७०० अॅप्स प्ले स्टोअरवरून काढल्याचे गूगलने जानेवारी २०२० मध्ये जाहीर केले होते. त्यांत साधी वॉलपेपरची, कॅमेऱ्याची आणि संदेशांची अॅप्स असत. तेव्हा प्ले स्टोअरवरून घेतले म्हणजे निर्धोक, असे मानू नका.

आता फोनमध्ये पाहायच्या जागा. सेटिंग्जमध्ये अॅप्स, त्यात ‘स्पेशल अॅप अॅक्सेस’. प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये ही नोंद थोडी इकडेतिकडे असते. सापडली नाही तर सेटिंग्जच्या वरच्या शोधचौकटीत ‘प्रीमियम’ टाइप करा. तिथे ‘प्रीमियम एसएमएस अॅक्सेस’ दिसेल. यादीत एखादे अॅप असेल तर ‘नेव्हर अलाऊ’ करा. त्याच पानावर ‘नोटिफिकेशन अॅक्सेस’ उघडा आणि घड्याळाचे किंवा गाडीचे अॅप सोडून बाकी सगळ्यांची परवानगी काढा. हे सर्वांत महत्त्वाचे, कारण एसएमएसची परवानगी न मागता केवळ सूचना वाचूनही ओटीपी चोरता येतो. मग परवानग्यांच्या यादीत ‘एसएमएस’ पाहा. तिथे संदेशांचे मूळ अॅप आणि बँकेचे, यूपीआयचे अॅप दिसणे साहजिक आहे. टॉर्च, वॉलपेपर किंवा गेम दिसला तर ते अॅप फोनमधूनच काढून टाका.

शेवटी प्ले स्टोअरमध्ये ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’ उघडा. पैसे भरण्याच्या पर्यायांत मोबाईल बिलाची वाट चालू असेल तर काढून टाका. आणि हा फरक ओळखा: प्ले स्टोअरमधून घेतलेली वर्गणी मोबाईल बिलातून गेली असेल तर ती तिथेच रद्द होते आणि परताव्याची मागणीही आधी तिथेच करायची असते. १५५२२३ वर ती दिसणार नाही.

अॅपने संमती चोरली असेल तर कंपनीकडे संमतीची नोंद सापडेलच. अशा वेळी पानाची नोंद मागा: बटण किती वाजता दाबले गेले आणि ओटीपी पाठवल्यानंतर किती सेकंदांत भरला गेला. माणसाला संदेश उघडून आकडे टाइप करायला काही सेकंद लागतात. पहिली संमती, ओटीपी आणि दुसरी संमती हे सगळे दोन-तीन सेकंदांत झाले असेल तर ते माणसाचे काम नाही, हे अपिलात ठामपणे मांडा.

नवा आयफोन घेतला. बिलात युनायटेड किंगडमला पाठवलेला एक आंतरराष्ट्रीय एसएमएस दिसतो. मी तिकडे कुणालाच संदेश पाठवला नाही. – एक वाचक, पणजी

ही फसवणूक नाही. आयमेसेज आणि फेसटाईम चालू होताना फोन तुमचा नंबर पडताळण्यासाठी एक एसएमएस मुकाट्याने पाठवतो, तो +४४ ने सुरू होणाऱ्या नंबरावर जातो आणि त्याला आंतरराष्ट्रीय दर लागतो. सिम बदलले किंवा फोन नव्याने सुरू केला की तो पुन्हा जाऊ शकतो. याची तक्रार टिकत नाही. आयमेसेज नको असेल तर सेटिंग्जमध्ये बंद ठेवा.

कुळागरातल्या पंपाला मोबाईल ऑटो स्टार्टर बसवला आहे. त्यातल्या सिमचा बॅलन्स सारखा संपतो आणि ऐन उन्हाळ्यात पंप चालू होत नाही. त्या सिमवरही सेवा चालू झाली असेल का? – एक बागायतदार, सांगे

होऊ शकते, आणि या तक्रारीत तुमची बाजू भक्कम आहे. स्टार्टरच्या पेटीला स्क्रीन नाही, कुणी ‘ओके’ दाबणारे नाही. मात्र आधी पैसे कशाचे गेले ते तपासा. ‘पंप चालू झाला’, ‘वीज गेली’ असा एसएमएस पेटी प्रत्येक वेळी पाठवत असते. वीज दिवसात दहा वेळा गेली की दहा एसएमएस. सिमच्या पॅकमध्ये एसएमएस नसले तर ते सगळे मुख्य बॅलन्समधून जातात.

सिम काढून साध्या फोनमध्ये घाला आणि १५५२२३ वर फोन करून सेवांची चौकशी करा. पन्नास रुपयांचा तपशीलवार हिशेबही मागवा. व्हॅसची ओळ सापडली तर तक्रारीत लिहा की हे सिम अमुक तारखेपासून पंपाच्या नियंत्रकात आहे, आणि स्टार्टरच्या बिलाची प्रत व बसवलेल्या पेटीचा फोटो जोडा. संमती कोणत्या उपकरणावरून आली, हे कंपनीला सांगावेच लागेल.

सिम परत बसवण्यापूर्वी दोन कामे करा. फोनमध्ये असतानाच सिम टूलकिटमधले संदेश बंद करा. आणि स्टार्टरच्या पुस्तिकेत अधिकृत नंबरांची यादी ठरवण्याची रीत दिली असेल तर ती वापरा. यादी नसली तर काही पेट्या कुणाचाही कॉल उचलतात, त्यात जाहिरातींचेही कॉल आले. सिमचे एसएमएस कुणी वाचत नसल्यामुळे महिन्यातून एकदा ते फोनमध्ये घालून पाहणे, निदान माडा-पोफळींना पाण्याची ओढ लागते त्या दिवसांत, गरजेचे आहे.

तक्रार केली, ‘आकारणी योग्य आहे’ असे उत्तर आले. आता २९४ रुपयांसाठी कोर्टात जायचे का? – एक वाचक, मडगाव

कोर्टाच्या आधी अपील आहे आणि त्याला एक पैसाही फी नाही. प्रत्येक कंपनीत अपील प्राधिकारी नेमलेला असतो. तक्रारीचा निकाल कळल्यापासून, किंवा निकालाची मुदत संपूनही उत्तर न आल्यास ती मुदत संपल्यापासून, ३० दिवसांत अपील करायचे. ईमेलने चालते. अपील सल्लागार समितीपुढे जाते. तिच्यात एक सदस्य कंपनीचा आणि एक ट्रायकडे नोंदलेल्या ग्राहक संघटनेचा असतो. अपिलाचा निर्णय ३९ दिवसांत व्हावा लागतो.

प्राधिकाऱ्याचा पत्ता कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा ट्रायच्या टीसीसीएमएस या पानावर मिळतो. तिथे सर्कल, म्हणजे दूरसंचार सेवेचा प्रादेशिक विभाग, निवडताना घोटाळा होतो. गोव्याचे वेगळे सर्कल नाही. आपण ‘महाराष्ट्र’ सर्कलमध्ये येतो आणि मुंबई त्यातून वेगळी आहे. चुकून मुंबई निवडली तर अपील फिरत राहते आणि ३० दिवस निघून जातात.

अपिलात नवे काही रचू नका. डॉकेट क्रमांक, तक्रारीची प्रत, कंपनीचे उत्तर, बिले, आणि एकच मुद्दा: दोन्ही संमतींचा तपशील मागितला होता, तो दिला नाही. किंवा दिला असेल तर त्यातले काय जुळत नाही. एक पान पुरे.

ट्रायला थेट लिहून उपयोग नाही. ट्राय वैयक्तिक तक्रारी निकाली काढत नाही, कंपनीकडे पाठवून देते. अपिलानंतरही समाधान झाले नाही तर दूरसंचार विभागाच्या तक्रार कक्षाकडे जा: केंद्राच्या सार्वजनिक तक्रार पोर्टलवर दूरसंचार विभाग निवडून, किंवा १०६३ वर. कंपनीचे दोन्ही टप्पे झाल्याचा पुरावा तिथे विचारतात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही तक्रार नोंदवता येते. ती कंपनीकडे पाठपुरावा करते.

ग्राहक आयोगाचा रस्ताही खुला आहे. टेलिग्राफ कायद्यामुळे ग्राहक मंचाला (आयोगाचे पूर्वीचे नाव) दूरध्वनीचे वाद ऐकता येत नाहीत, असे २००९ च्या निकालाच्या आधारे कंपन्या पूर्वी सांगत. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्होडाफोन आयडिया विरुद्ध अजयकुमार अग्रवाल या खटल्यात ग्राहक मंचाला असा अधिकार असल्याचे स्पष्ट केले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो किंवा काम करतो तिथल्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे तुम्हाला दक्षिण गोवा जिल्हा आयोगात. कंपनीच्या मुख्य कार्यालयाच्या गावी जावे लागत नाही. सेवेपोटी भरलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर फी नाही, वकील सक्तीचा नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. २९४ रुपयांखेरीज मनस्ताप आणि खर्चापोटी भरपाई मागता येते, पण ती वाजवी मागा. लाखाचा आकडा घातल्याने प्रकरणाचे वजन वाढत नाही.

आमचा सल्ला असा की आधी अपील करा. पुरावा नीट मागितलेला असेल तर कंपनीला त्याला उत्तर द्यावे लागते. अपील फेटाळले गेले आणि उत्तरात संमतीचा तपशील तरीही नसला, तर तेच उत्तर जोडून जिल्हा आयोगात जा.